स्वर्गात कुत्र्याला जागा आहे का?

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मोत्या गेल्या पावसाळ्यात गेला. चौदा वर्षांचा होता, गावठी, एक कान कायम पडलेला. लिफ्टला इतका घाबरायचा की गुडघे दुखत असले तरी काका त्याला दिवसातून तीनदा जिन्याने खालीवर करायचे. तो गेला त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘मोत्याने रेनबो ब्रिज पार केला.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. दुसऱ्या दिवशी काकांनी मला जिन्यात गाठलं. ‘तू वाचतोस ना असलं सगळं. हा ब्रिज कुठल्या धर्मातला?’

कुठल्याच नाही, मी म्हटलं. हा पूल विसाव्या शतकातल्या एका छोट्या इंग्रजी मजकुरातून आला. तिकडे जनावरांच्या दवाखान्यांतून सांत्वनाची कार्डं देतात, त्यांवर तो छापला जायचा. मग इंटरनेटवर पसरला आणि आता आपल्या ग्रुपांवर येऊन पोचला. त्यात लिहिलंय असं: स्वर्गाच्या अलीकडे एक हिरवं कुरण आहे. मेलेली पाळीव जनावरं तिथे पुन्हा धडधाकट होऊन बागडत असतात. एक दिवस लांबून आपलं माणूस येताना दिसतं, जनावर धावत सुटतं, आणि मग दोघं मिळून पूल ओलांडतात. म्हणजे ग्रुपवरचं वाक्य मुळातच चुकलेलं होतं. मोत्या अजून पुलाच्या अलीकडेच असणार.

‘बरं,’ काका म्हणाले. ‘मग पोथ्यांमध्ये काय आहे?’

त्या दिवशी जिन्यात उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे जरा बैजवार लिहितो.

प्राणी स्वर्गात कायमचे राहतात का, हा ऐकायला एक प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात तीन आहेत. मेल्यावर प्राण्याचं काही उरतं का? उरलं तर ते त्या सुखाच्या जागी जातं का? आणि गेलं तर तिथे कायम राहतं का? काही परंपरा पहिल्याच पायरीवर ‘नाही’ म्हणतात. काही दुसऱ्या पायरीपर्यंत येतात. आणि आपल्याकडच्या बहुतेक परंपरा तिसऱ्या पायरीवर म्हणतात की कायम तर माणूसही राहत नाही, कुत्र्याचं काय घेऊन बसलात.

ख्रिस्ती जगात या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकेफोड झाली आहे. २०१४ च्या डिसेंबरात जगभर बातमी फिरली की पोप फ्रान्सिस यांनी कुत्रा मेलेल्या एका लहान मुलाला सांगितलं, देवाच्या सगळ्या लेकरांना स्वर्गाचं दार उघडं आहे. प्राणिप्रेमी संघटनांनी आनंद साजरा केला. चारदोन दिवसांत कळलं की असं काही घडलंच नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका सभेत पोप म्हणाले होते की शेवटी सगळी सृष्टी नवी होईल. कुत्र्यामांजरांचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. मुलाची गोष्ट जुनी, पोप सहावे पॉल यांच्या नावावर सांगितली जाणारी. ती कुणीतरी या भाषणाला जोडली आणि अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांनीही छापली. नंतर दुरुस्त्या आल्या, पण दुरुस्ती कोण वाचतो.

ही बातमी व्हावी असं त्यात काय होतं? तर चर्चच्या पंडितांचं उत्तर त्याआधीची सात शतकं साधारण ‘नाही’ असंच होतं. तेराव्या शतकातला इटालियन धर्मपंडित थॉमस अक्विनास हा त्या उत्तराचा मुख्य धनी. त्याने ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटलकडून एक मांडणी घेतली. सजीवांमध्ये तीन पायऱ्यांचा आत्मा असतो. काकांच्या गॅलरीतली तुळस घ्या: ती वाढते, पाणी शोषते, मंजिऱ्या धरते. हा पहिल्या पायरीचा. मोत्या हे सगळं करतोच, शिवाय वास घेतो, घाबरतो, जिन्यावरची पावलं ओळखतो. हा दुसऱ्या पायरीचा. काका याच्याही पुढे जाऊन ‘न्याय’ किंवा ‘अनंत’ अशा, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचा विचार करू शकतात. हा तिसऱ्या पायरीचा.

आता अक्विनासची खरी मेख. मोत्याची प्रत्येक शक्ती शरीराच्या एखाद्या अवयवातून चालते. नाक गेलं की वास गेला. मग सगळं शरीरच गेल्यावर त्या आत्म्याला करायला काही उरत नाही, म्हणून तो शरीराबरोबर संपतो. माणसाची बुद्धी मात्र, त्याच्या मते, कुठल्याही अवयवाची मिंधी नाही, म्हणून ती उरू शकते. लक्षात घ्या, ‘प्राण्यांना आत्मा नसतो’ असं तो म्हणत नाही. आत्मा आहे, पण मर्त्य आहे, असं म्हणतो. मराठीत हे वाक्य विचित्र वाटतं, कारण आपल्या कानांना ‘आत्मा’ म्हणजेच अविनाशी. ‘मर्त्य आत्मा’ आपल्याला कोरड्या पाण्यासारखं ऐकू येतं. या विषयावरचे निम्मे गैरसमज या एका शब्दाने केले असतील.

बायबल स्वतः इतकं पक्कं बोलत नाही. मूळ हिब्रूत जनावर आणि माणूस दोघांसाठीही ‘नेफेश’ हा एकच शब्द येतो, श्वास घेणारा प्राणी अशा अर्थाचा. आपला ‘जीव’ त्याला चपखल बसतो. उपदेशकाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तर सरळ म्हटलंय की माणसाची आणि पशूची गत एकच, दोघं मातीतून आले, मातीत जातात. माणसाचा श्वास वर जातो आणि पशूचा खाली, हे कुणाला ठाऊक? दुसरीकडे यशया संदेष्ट्याचं प्रसिद्ध चित्र आहे. लांडगा कोकराशेजारी राहील, चित्ता करडाजवळ निजेल, सिंह बैलासारखा कडबा खाईल. म्हणजे त्या सुखाच्या राज्यात प्राणी आहेत.

पण कोणते? इथे एक बारीक फरक आहे आणि काकांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. स्वर्गात कुत्रे असणं वेगळं आणि स्वर्गात मोत्या असणं वेगळं. यशयाच्या चित्रातला लांडगा हा जगून मेलेला विशिष्ट लांडगा आहे की लांडग्याची जात? यहोवाचे साक्षीदार या पंथाची शिकवण या फरकावरच उभी आहे. त्यांच्या मते स्वर्गसुख याच पृथ्वीवर येणार आहे, त्या नंदनवनात वाघ-हरणं गुण्यागोविंदाने राहतील, पण जनावरं आपापलं आयुष्य जगून मरतील. कायम जगण्यासाठी ती निर्माणच केलेली नाहीत. मजा म्हणजे हा पंथ माणसाचाही अमर आत्मा मानत नाही. मेलेला माणूस मेला. देव त्याला पुन्हा उठवील, एवढीच आशा. जनावराला तसं उठवण्याचं वचन नाही. अगदी उलट टोकाला मॉर्मन चर्च. त्याचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८३२ मध्येच सांगून टाकलं की पशू, सरपटणारे जीव आणि पाखरं यांनाही आपापल्या जागी चिरंतन सुख आहे.

या दोन टोकांच्या मधला मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस म्हणजे जॉन वेस्ली, मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक. त्याने आयुष्यभर घोड्यावर बसून इंग्लंडभर प्रवचनं दिली, त्यामुळे घोडा त्याला पुस्तकातला नव्हे, मांडीखालचा माहीत होता. १७८१ च्या प्रवचनात त्याने युक्तिवाद केला तो प्रेमाचा नव्हे, हिशेबाचा. जनावराने पाप केलेलं नाही. तरी ते उपाशी मरतं, चाबूक खातं, फाडलं जातं. देव जर न्यायी असेल तर या दुःखाची भरपाई कुठे आहे? इथे तर दिसत नाही. म्हणजे पुढे असली पाहिजे. एवढ्यावर न थांबता त्याने अशीही अटकळ बांधली की तिथे जनावरांना आजच्यापेक्षा वरची समज मिळेल, कदाचित देवाला ओळखण्याइतकी.

पाळलेलं जनावर पुन्हा भेटावं ही आजच्या फ्लॅटमधल्या माणसाची गरज आहे. रेनबो ब्रिज तिच्यासाठीच बांधलाय. जुन्या धर्मचिंतकांपैकी जे या प्रश्नाशी खरोखर झोंबले, त्यांना बहुतेक वेळा मांडीवरचं मांजर दिसत नव्हतं. त्यांना ओझ्याखाली मोडलेलं जनावर दिसत होतं. प्रश्न त्यांच्यापुढे असा होता: विनाकारण सोसलेल्या दुःखाची नोंद कुणाच्या वहीत आहे?

हीच वही इस्लाममध्ये फार स्पष्ट दिसते. कुराणाच्या सहाव्या अध्यायातल्या ३८ व्या आयतीत म्हटलंय की जमिनीवर चालणारे जीव आणि दोन पंखांनी उडणारी पाखरं हे तुमच्यासारखेच समाज आहेत, आणि शेवटी ते आपल्या पालनकर्त्यासमोर गोळा केले जातील. तिथला मूळ शब्द ‘उम्मत’चं अनेकवचन आहे. म्हणजे मुंग्यांचीसुद्धा उम्मत. निवाड्याच्या दिवशी काय होईल याबद्दल सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, एक कथन आहे: प्रत्येकाचा हक्क प्रत्येकाला मिळेल, इतका की बिनशिंगाच्या शेळीला शिंगवालीकडून तिची फेड मिळवून दिली जाईल. गोठ्यात ज्याने शेळ्यांची ढुशाढुशी पाहिली असेल त्याला हे चित्र डोळ्यांसमोर येईल. एवढ्याशा ढुशीचीही नोंद आहे.

पण फेड झाल्यावर पुढे? जुन्या भाष्यकारांनी दिलेलं नेहमीचं उत्तर असं, की जनावरांना सांगितलं जाईल, ‘माती व्हा’, आणि ती माती होतील. त्या वेळी नरकाच्या दारात उभा असलेला माणूस ते पाहील आणि म्हणेल, मीही माती असतो तर किती बरं झालं असतं! कुराणाच्या ७८ व्या अध्यायाची शेवटची ओळ हीच आहे, आणि भाष्यकार तिचा संबंध या जनावरांशी जोडतात. स्वर्ग नाही, पण नरकही नाही. शेळीचा हिशेब चुकता झाला आणि खातं बंद.

हे उत्तर सगळ्यांना पटलं नाही. आठव्या-नवव्या शतकात बसरा आणि बगदादमध्ये मुतजिला नावाचे तर्कवादी पंडित होते. देव न्यायी आहे म्हणजे त्याला न्यायाने वागावंच लागेल, असा त्यांचा हट्ट. निष्पाप जिवाला वेदना झाल्या तर त्याची भरपाई देणं देवावर बंधनकारक. या भरपाईला त्यांचा शब्द होता ‘इवज’. आपण रोज म्हणतो ते ‘च्याऐवजी’ आणि बँकेच्या लॉकरमधला ‘ऐवज’ याच अरबी शब्दापासून फारसीमार्गे आपल्याकडे आले. तर जनावराच्या दुःखाचा ऐवज कुठे मिळणार यावर त्यांच्यात वाद. कुणी म्हणे याच जगात, कुणी म्हणे निवाड्याच्या मैदानात, कुणी म्हणे स्वर्गात, आणि तोही कायमचा. मग कुणीतरी विचारलंच असणार, साप-विंचवांचं काय? त्यावर काहींनी सुचवलेली तोड अफलातून आहे. सापविंचवांना त्यांची भरपाई आधी मिळेल, मग ते नरकात जातील, पण कामावर. पाप्यांना डसतील, त्यांना स्वतःला आगीची झळ लागणार नाही.

हजारेक वर्षांनी, १९४० मध्ये, सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाला असाच प्रश्न टाकला गेला की सगळ्या प्राण्यांना स्वर्ग म्हणता तर डासांना कुठे ठेवणार? तो गमतीत म्हणाला, डासांचा स्वर्ग आणि माणसांचा नरक एकाच ठिकाणी सोयीने बसवता येईल. जुलै महिन्यात ज्याने संध्याकाळी खिडकी उघडी ठेवली आहे त्याला ती जागा माहीत आहे.

मुतजिलांचं पुढे फार चाललं नाही. अशअरी पंडितांनी त्यांना उत्तर दिलं की देव कुणाचं देणं लागत नाही, तो देईल ते त्याच्या मर्जीने. सुन्नी इस्लाममध्ये तेच वरचढ ठरलं. तरीही लोकांच्या मनाने फट शोधलीच. गुहेत शेकडो वर्षं झोपलेल्या तरुणांची गोष्ट कुराणात आहे, आणि उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्राही. लोकपरंपरेने त्याला कितमीर हे नाव दिलं आणि मोजक्या भाग्यवान जनावरांबरोबर त्याची स्वर्गात रवानगी केली. हे कुराणात नाही, पण तुर्की-इराणी लोकांच्या तोंडी पक्कं आहे.

आता एक गोष्ट सांगतो जी वाचता वाचता माझ्या ध्यानात आली आणि मग डोक्यातून जाईना. स्वर्गात प्राणी दाखवले की बऱ्याचदा ते प्राणी नसतातच.

तिरमिझीच्या हदीससंग्रहात एक जण पैगंबरांना विचारतो, स्वर्गात घोडे असतील का? उत्तर मिळतं, तुला हवा असेल तर लाल माणकाचा घोडा मिळेल, तू म्हणशील तिथे उडवत नेईल. चांगलंय, पण हा तबेल्यातला घोडा नव्हे. बौद्धांच्या सुखावती पंथात अमिताभ बुद्धाच्या लोकाचं वर्णन आहे. तिथे हंस आहेत, मोर आहेत, पोपट आहेत, दिवसातून ठरल्या वेळी ते गातात आणि त्यांच्या गाण्यातून धर्म ऐकू येतो. लगेच पुढे खुलासा: हे पक्षी पापाच्या फळाने पक्षी झालेत असं समजू नका, धर्म ऐकू यावा म्हणून अमिताभानेच ते निर्मिले आहेत. कारण पशुयोनी ही दुर्गती, आणि त्या लोकात दुर्गतीचं नावसुद्धा नाही. त्यामुळे पक्षी हवेत, पण खरे नकोत.

आणि आपला युधिष्ठिर. महाभारताचं सतरावं, महाप्रस्थानिक पर्व. हस्तिनापुरापासून एक कुत्रा मागे लागलेला. वाटेत द्रौपदी पडते, चौघे भाऊ पडतात, कुत्रा टिकतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, ‘स्वर्गे लोके श्ववतां नास्ति धिष्ण्यम्’, कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. हा बहुधा जगातला सगळ्यात जुना ‘पाळीव प्राणी आणू नयेत’चा बोर्ड. युधिष्ठिर अडून बसतो, आश्रयाला आलेल्याला टाकणार नाही म्हणतो, आणि कुत्र्याच्या जागी धर्म प्रकट होतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी सुटकेचा श्वास सोडला होता. आता वाटतं, व्यासांनी शिताफीने प्रश्न टाळला. कुत्रा खरोखरचा कुत्राच निघाला असता तर इंद्राने काय केलं असतं? गजेंद्रमोक्षातही तेच. मगरीच्या तोंडात पाय अडकलेला हत्ती हा मागच्या जन्मीचा इंद्रद्युम्न राजा, आणि ती मगर म्हणजे शापित गंधर्व. सोंडेत कमळ धरून हाक मारणारा साधा हत्ती भागवतकारांना पुरेसा वाटला नसावा.

अर्थात आपल्याकडे स्वर्गच मुळात धर्मशाळेसारखा आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे, ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’. पुण्य सरलं की खोली रिकामी करायची. त्यामुळे ‘प्राणी स्वर्गात कायम राहतात का’ हा प्रश्न हिंदू, जैन, बौद्ध चौकटीत नीट उभाच राहत नाही. मोत्याचा जीव आणि काकांचा जीव एकाच फेऱ्यात आहेत, आज याची पाळी तर उद्या त्याची. एका अर्थी हे प्राण्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त देतं: मेल्यावर उरण्याबद्दल शंकाच नाही. दुसऱ्या अर्थी कमी देतं: उरतो तो मोत्या नसतो. पडलेला कान, लिफ्टची भीती, काकांच्या पावलांची ओळख, यातलं काही पुढे जात नाही.

जैनांनी मात्र या चौकटीत राहून जनावराला जनावर म्हणूनच स्वर्ग मिळवून दिला, आणि माझ्या मते या सगळ्यात सरस कथा त्यांची आहे. चंडकौशिक नावाचा विषारी नाग. ज्याच्याकडे बघेल तो जळून जावा असा. महावीर त्याच्या रानातून गेले, त्याने त्यांच्या अंगठ्याला डंख केला, तर दुधासारखं पांढरं रक्त आलं. महावीर म्हणाले, ‘बुज्झ, चंडकौशिक’, जागा हो. नागाला मागचे जन्म आठवले. त्याने ठरवलं, आता कुणाला इजा करायची नाही, आणि तोंड बिळात घालून पडून राहिला. लोक आले, कुणी दगड मारले, कुणी भक्तीने तूप वाहिलं. तुपाला मुंग्या लागल्या आणि त्या त्याला चावू लागल्या. तो हलला नाही, का, तर हललो तर मुंग्या चिरडतील. तसाच मेला आणि आठव्या स्वर्गात गेला. इथे कुणी गंधर्व वेष टाकून बाहेर येत नाही. मेला तोही नागच होता. जैन मतानुसार पशूला श्रद्धा असू शकते, तो छोटी व्रतंसुद्धा पाळू शकतो. मोक्ष मात्र माणसाच्या जन्मातूनच, आणि आठव्या स्वर्गालाही मुदत आहेच.

पाली परंपरेत याच धर्तीचा एक बेडूक आहे. बुद्धांचं प्रवचन चालू असताना त्या आवाजाने गुंगून तो काठावर बसला, एका गुराख्याने न बघता त्याच्यावर काठी टेकवली, आणि तो थेट तावतिंस स्वर्गात देव होऊन जागा झाला. त्याला प्रवचन कळलं होतं का? नाही. आवाज गोड लागला, तेवढं पुरलं.

वारकऱ्यांनी तर स्वर्गाचा विषयच बाजूला सारला. ‘तुका म्हणे गर्भवासीं सुखें घालावें आम्हासी’ म्हणणाऱ्यांना तिकडची ओढ कुठली. पण त्यांनी जनावराला सोडलं नाही. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, एकनाथांनी रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. आणि पैठणचा रेडा: पाठीवर आसूड त्याच्या, वळ ज्ञानेश्वरांच्या, अशी कथा. तो वेद बोलला, भावंडांबरोबर चालत निघाला आणि जुन्नर तालुक्यात आळे इथे त्याने देह ठेवला, असं मानतात. तिथे त्याची समाधी आहे, देऊळ आहे, लोक नारळ फोडतात. रेडा कुठे गेला हे कुणी विचारत नाही. तो आळ्याला आहे.

एवढं सगळं काकांना तुकड्यातुकड्याने सांगत होतो. पण त्यांचा पहिला प्रश्न पुलाचा होता, आणि पुलाचं खरं उत्तर मुंबईत निघालं.

पारशी धर्मात मेलेल्या आत्म्याला चिन्वत नावाचा पूल ओलांडावा लागतो, आणि त्या पुलावर कुत्रे असतात. वेंदिदाद या त्यांच्या ग्रंथात ते राखणदार म्हणून येतात. म्हणूनच माणूस गेला की त्याच्यासमोर कुत्रा आणायची चाल. तिचं नाव सगदीद: सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे नजर. त्यातही भुवयांच्या जागी दोन ठिपके असलेला, ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे येतात, तेही चार डोळ्यांचेच. इराण आणि भारत यांचे पूर्वज एका अंगणात राहत होते तेव्हाची ही कुत्री असावीत.

आणि कुत्रा स्वतः मेल्यावर? वेंदिदादने त्याचाही विचार केलाय. त्याचा प्राण पाण्याच्या झऱ्याकडे जातो, आणि हजार कुत्रे नि हजार कुत्र्या मिळून त्यांतून पाणमांजरांची एक जोडी होते. अवेस्तात, म्हणजे वेंदिदादच्या भाषेत, पाणमांजराला ‘उद्र’ म्हणतात, संस्कृतातही तोच शब्द. पाणमांजर मारणं त्यामुळे भयंकर पाप. त्याची शिक्षा वाचून कुणाचीही छाती दडपेल.

हे फक्त पोथीत राहिलं नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम चालवली होती, कुत्र्यामागे बक्षीस ठेवून. पारशी चिडले. दुकानं बंद झाली, शिपायांवर हल्ले झाले, हिंदू, जैन आणि इतरही त्यात उतरले आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या जोडीच्या व्यापाऱ्यांनी भुलेश्वरजवळ पांजरपोळ सुरू केला, आणि सरकार मारायला निघालेल्या कुत्र्यांना तिथे ठेवायची सोय झाली. पुलावरच्या कुत्र्यांवर विश्वास असलेल्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी जागा घेतली.

गेल्या आठवड्यात काकांना हा चिन्वत पूल सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, ‘रुंद असतो का?’

म्हटलं, चांगल्यासाठी रुंद होतो. वाईट माणूस आला की सुरीच्या पात्याएवढा.

‘मग ठीक आहे,’ काका म्हणाले. ‘अरुंद जागेत तो बसकण मारायचा. उचलून न्यावं लागायचं.’